रात्री नऊची गोळी

रकाना मोकळा चालत नाही, म्हणाला शिपाई.
मालकाचं नाव?
गल्लीची आहे, मी म्हणाले.
मग त्याने माझंच लिहिलं:
शेंगी, मादी, वय अंदाजे नऊ,
मालक नागमणी गड्डम, विडी घरकुल, सोलापूर.

आठ महिन्यांमागे अशाच एका कागदावर
रुग्ण मी होते.
मालकाचा रकाना त्यात नव्हता.

शेंगीच्या मागच्या दोन सडांभोवती
कातडी लाल, तव्यासारखी तापलेली.
हात लावला की दात दाखवायची,
मला.
तेव्हाच ओळखलं मी.
माझीही आधी गाठ नव्हती, नुसती सूज,
संत्र्याच्या सालीसारखी कातडी,
आणि सून म्हणाली होती, उन्हानं असेल.
सोलापुरात सगळं उन्हानंच असतं.

जनावरांची डॉक्टरीण कोवळी पोरगी,
हातावर मांजराचे ओरखडे.
म्हणाली, आजी, ह्यातला हा वाईट प्रकार,
कापून उपयोग नाही.
गोळी देऊन बघू. माणसांचीच आहे.
कुत्र्यांत फार कुणी दिलेली नाही,
वचन देत नाही.
वचन देत नाही म्हणाली
म्हणून मला ती आवडली.

गोळी करते काय, विचारलं
तर कागदाच्या पाठीवर गोल काढले तिने, बाण काढले,
आणि पेन अडलं.
मग मीच सांगितलं, मला जसं कळलंय तसं:
पोरी, चाळीस वर्षं विड्या वळल्यात.
कारखान्यातनं पान मिळतं, तंबाखू मिळतो, तोलून,
तेव्हा कुठे हजार विडी होते.
पान दिलंच नाही
तर सूप मांडीवर घेऊन बसायचं नुसतं.
बाईच्या अंगातला रस
म्हणजे ह्या रोगाचं पान-तंबाखू.
गोळी कारखान्याच्या दारात उभी राहते.
होय की नाही?
होय, म्हणाली. अगदी.

पुढचं मी बोलले नाही.
पान बंद झालं त्या वर्षी
यलव्वा टॉवेलच्या शिलाईला लागली,
सरोजनी चार घरची भांडी घासायला,
मी शेंगा फोडायला, पोत्यावर.
हात बसून राहत नाहीत.
रोगाचे तरी का राहतील?

चौथा भाग द्यायचा, रात्री नऊला.
पान कापायची कात्री आहे अजून, धार तीच.
माझी अख्खी, तिचा तुकडा,
गुळात दाबून.
मे महिना. बाहेर चव्वेचाळीस,
आत गोळीनं पेटवलेली वेगळी भट्टी.
सून काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवते.
शेंगी मोरीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून.

तिसऱ्या आठवड्यात तिची मागची बाजू सुजली,
गोळीनंच,
आणि गल्लीतले कुत्रे फसले.
एवढे मागे लागले म्हातारीच्या!
एकाचा कान फाडला तिने.
मी दारात बसून हसले, टाके ओढेस्तोवर,
उरलेल्या अर्ध्या छातीनिशी.

लाली थोडी उतरलीय. थोडी.
की मला तसं बघायचंय म्हणून दिसतं,
सांगता येत नाही.

काल लाइट गेली नेमकी नऊला.
गूळ चाटून गोळी थुंकली तिने कुठेतरी.
मोबाईलच्या उजेडात खाटेखाली हात घातला:
मुंग्या गुळाचे कण नेत होत्या रांगेनं,
पांढरा तुकडा तेवढा सोडून.
पदराला पुसला,
भाकरीच्या पापुद्र्यात घातला,
तोंड दाबून धरलं तिचं, गिळेपर्यंत.

मग ती बघतच राहिली माझ्याकडे.

माझी राहिलीच होती.